क्षमा करायला शिकवता, मागायला कोण शिकवणार?

सुट्टी लागली की वडगावात संस्कार वर्गांना ऊत येतो. गीतेचा बारावा अध्याय पोरांकडून पाठ करून घेतात. वीस श्लोक. कुणाचा द्वेष करू नये, सगळ्यांवर करुणा असावी, सुखदुःख सारखं मानावं, क्षमाशील असावं, असं त्यात सांगितलंय. अध्याय सोन्यासारखा आहे. माझं भांडण तो शिकवणाऱ्यांशी आहे.

अशाच एका पाठांतर स्पर्धेत एका पोरीने विसर्ग गिळले म्हणून तिचे गुण कापले. बापाने भर मंडपात परीक्षकांना 'बघून घेतो' असा दम भरला. परीक्षकही बाह्या सरसावून उठले. पोरगी रडायला लागली, तेव्हा या दोन थोर पुरुषांनी तिलाच समजावलं: रडू नये बाळ, समभाव ठेवावा! विसर्ग तिचा चुकला होता, अध्याय त्या दोघांचा चुकला होता. गुण कुणाचे कापायला हवे होते?

समभावाचं पुढचं प्रात्यक्षिक बघायचं तर निकालानंतर स्टँडवर या. अठ्ठ्याण्णव टक्केवाल्यांचे फ्लेक्स, फोटोखाली आकडा, आकड्याखाली सरांचा हात जोडलेला फोटो. निंदा आणि स्तुती ज्याला सारखी तो भक्त देवाला प्रिय, हे पाठ करून घेणारे हेच सर! बावन्न टक्के मिळवलेलं पोर त्या फ्लेक्सखालून मान खाली घालून जातं. त्याच्यासाठी यांच्याकडे करुणेचा एक शब्द नाही.

आणि क्षमा? वर्गात दांडगा पोरगा बारक्याला बडवतो. गुरुजी येतात आणि बारक्याला म्हणतात, 'जाऊ दे रे, माफ कर त्याला.' मार खाल्लेल्याने लगेच तितिक्षा दाखवायची, मारणाऱ्याने काहीच करायचं नाही. हा कुठला धर्म? क्षमा करायची की नाही हे ज्याला लागलंय त्याने ठरवायचं. ती त्याच्याकडून वसूल करणं ही दुसरी मारहाण आहे. ज्याने मारलं त्याला माफी मागायला लावायचं धाडस यांच्यात नसतं, कारण त्याचा बाप बहुधा संस्थेच्या कमिटीवर असतो.

सरकारी पातळीवरही हाच घोळ. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. मनाचे श्लोक आणि हाच बारावा अध्याय पाठ करून घ्यावा, असं त्यात सुचवलं होतं. आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाला सुरुवात कशाने? मनुस्मृतीतल्या श्लोकाने! श्लोक वडीलधाऱ्यांना मान द्यावा एवढंच सांगतो, हे मला माहीत आहे. पण ज्या ग्रंथाने माणसांची उतरंड लावली आणि जो १९२७ साली महाडला जाळावा लागला, तोच आणायचा आणि शेजारी 'कुणाचा द्वेष करू नका' लिहायचं? लिहिणाऱ्यांनी आपलाच मसुदा एकदा मोठ्याने वाचला होता का?

या पंडितांनी आमच्या हातकणंगले तालुक्यात यावं. माणगाव इथंच आहे. मार्च १९२० मध्ये तिथं परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि हेच तुमचे पुढारी, असं जमलेल्या लोकांना सांगून गेले. त्याच्या आदल्या वर्षी महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत घालायचा हुकूम काढला होता. करुणेचा तास असा असतो. घोकंपट्टी नाही, विसर्ग नाहीत, बाकावर शेजारी कोण बसणार एवढाच प्रश्न.

साने गुरुजींची 'श्यामची आई' संस्कार वर्गात वाचतात. वाचा, जरूर वाचा. मग १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून पंढरपूरला उपोषणाला बसलेले साने गुरुजी का सांगत नाही? आईचं प्रेम चालतं, त्या प्रेमापायी प्राण पणाला लावणारा लेक अडचणीचा वाटतो?

७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून बंद झाला, जमाव उतरला, दगड पडले. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन पोरं होती. मिसरूडही न फुटलेल्या पोरांच्या चुकीवर सगळं शहर पेटवणाऱ्या मोठ्या माणसांना कुणी बारावा अध्याय ऐकवला? पुढच्याच वर्षी, १४ जुलैला, विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात घरं फोडली, मशीद फोडली. त्या घरांतही पोरं होती. त्यांच्यापुढे जाऊन 'चुकलं आमचं' म्हणायला संस्कार वर्गवाल्यांपैकी कोण गेलं?

तेव्हा यंदा बक्षीस समारंभ रद्द करा. त्या दिवशी मुलांना खाली बसू द्या आणि मोठ्यांना माईकवर बोलवा. परीक्षकांनी त्या मुलीची माफी मागावी, तिच्या बापाने परीक्षकांची, फ्लेक्सवाल्या सरांनी बावन्न टक्केवाल्याची. नाव घेऊन, कारण सांगून, सगळ्यांसमोर. कमिटीवरचे पहिले.