भूत उतरलं, बाईचं काय?

भयपटांचे शौकीन एकत्र आले की गप्पांचा क्रम ठरलेला असतो. कुठला पाहिलास? घाबरलास का? किती वेळा दचकलास? भूत शेवटपर्यंत दाखवलं की नुसतीच हूल दिली? मग पाचपैकी किती तारे, यावर वाद. मीही या गप्पांत हिरिरीने असते. पण हल्ली एक वेगळा प्रश्न विचारल्याशिवाय माझ्याच्याने तारे देववत नाहीत. तो असा: पडद्यावर जिला झपाटलंय असं सगळे म्हणतायत, तिला कुणी एकदा तरी विचारलं का, की बाई, तुला काय होतंय?

प्रश्न साधा आहे, पण बहुतेक भयपट यात नापास होतात. ठरलेला नमुना आठवून पाहा. नवं घर, तरुण बायको. तिला काहीतरी दिसतं. नवरा म्हणतो, भास आहे. सासू म्हणते, नाटक आहे. मग तिचा आवाज बदलतो, केस मोकळे सुटतात, आणि आता सगळ्यांचा विश्वास बसतो. कशावर? तिच्यावर नव्हे, तिच्या अंगातल्यावर. मांत्रिक येतो. तिला बांधतात. धूर, आरडाओरडा, थपडा. भूत पळतं. शेवटच्या दृश्यात ती थकून नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकते. आपण दिवे लागल्यावर घरी जातो. ती मात्र त्याच घरात राहते.

गेल्या काही आठवड्यांत मी काही जुने-नवे भयपट पाहिले, काही पुन्हा पाहिले. त्यांच्याबद्दल याच प्रश्नाच्या अंगाने लिहिते. शेवटही उघडे करणार आहे, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी सिनेमे पाहून यावं.

पहिला 'अंडर द शॅडो'. 2016 चा हा फारसी सिनेमा बाबक अन्वरी या इराणी-ब्रिटिश दिग्दर्शकाचा. काळ इराण-इराक युद्धाचा, जागा तेहरानमधली एक इमारत. शिदेहला डॉक्टर व्हायचंय, पण क्रांतीच्या काळातल्या राजकीय हालचालींमुळे तिला शिक्षण पुढे चालू ठेवू देत नाहीत. नवरा डॉक्टर, त्याला आघाडीवर बोलावणं येतं. शहरावर क्षेपणास्त्रं पडू लागतात. एक क्षेपणास्त्र न फुटता वरच्या मजल्यात घुसतं आणि शेजारीण सांगते, त्याच्याबरोबर जिन्न आलाय. शिदेह हे उडवून लावते. छोटी डोरसा मात्र सांगत राहते की घरात कुणीतरी आहे, माझी बाहुली त्यानेच नेली.

इथे ऐकण्याची एक उतरंडच दिसते. लेकीचं आई ऐकत नाही, आईचं नवरा ऐकत नाही, आणि राज्य तर कुणाचंच ऐकत नाही. एका रात्री शिदेह लेकीला उचलून जीव वाचवायला तशीच रस्त्यावर धावते. पहारेकरी तिला पकडतात. एवढ्या रात्री ही बाई मुलीला घेऊन का धावतेय, हा प्रश्न कुणाच्या तोंडात येत नाही. डोक्यावर कपडा का नाही, हा येतो. जिन्नही तिच्यासमोर येतो तो हवेत फडफडणाऱ्या चादरीच्या रूपात. काही मुसलमान प्रेक्षकांना हे खटकतं, ते मी समजू शकते. पण मला तो सिनेमा पडद्यावर टीका करणारा वाटला नाही. आपल्या मर्जीने घेतलेला कपडा आणि डोक्यावर थापलेला कपडा यातला फरक तो दाखवतो. आणि या सिनेमात कुणीही आमिल येऊन जिन्न उतरवत नाही. आईने मुलीवर विश्वास ठेवला, तेव्हा कुठे दोघींना बाहेर पडायची वाट सापडते. माझ्या प्रश्नात हा सिनेमा पहिल्या वर्गात पास.

दुसरा आपल्या मातीतला. विशाल फुरियाचा 'लपाछपी'. पूजा सावंतची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर उसाच्या फडांनी वेढलेल्या एका घरात येते. घरात तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक. नेहाला मुलं दिसतात, हसणं ऐकू येतं, आणि तिला सांगण्यात येतं की इथं मुलं नाहीत. पुढे कळतं की या घराचं भूत म्हणजे मुली नको असण्याचा इतिहास आहे. फुरियानेच 2021 मध्ये 'छोरी' नावाने तो हिंदीत केला. हिंदीत तो पुष्कळ लोकांपर्यंत गेला, पण मला मराठीच जास्त बोचला. कारण ऊस आपला आहे आणि आकडेही आपलेच आहेत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या, आणि ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात 807. गर्भलिंग चाचणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी, 1988 मध्ये, कायदा करणाऱ्या राज्याचे हे आकडे आहेत. 'लपाछपी'त भुतापेक्षा घरातली माणसं धोक्याची आहेत, आणि भुताला हाकलण्याऐवजी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

ऐकण्यावरून रामगोपाल वर्माचा 2003 चा 'भूत' आठवला. मुंबईतल्या उंच इमारतीतला फ्लॅट, ऊर्मिला मातोंडकरची स्वाती, आणि तिच्या अंगात आलेली मनजीत. घरकाम करणारी बाई सरिताला घेऊन येते. ते काम रेखाचं. ही सरिता झाडू-चाबूक काढत नाही. ती मनजीतशी बोलते. मग कळतं की हा खुनाचा मामला आहे, आणि तो तडीला लावायला नाना पाटेकरचा इन्स्पेक्टर लियाकत कुरेशी लागतो. एका मेलेल्या बाईची फिर्याद नोंदवून घेतली गेली, असाच तो सिनेमा मला दिसतो. जाता जाता, मुसलमान पात्र म्हटलं की हिंदी भयपटात हिरवी चादर आणि लोबानचा धूर येणार हे गृहीत असताना इथे तो साधा, चिडका, काम करणारा पोलीस आहे. त्याचंही बरं वाटतं.

आता 'परी'. 2018 चा, प्रोसित रॉयचा. अनुष्का शर्माची रुखसाना एका झोपडीत साखळीने बांधलेली सापडते. पुढे ती इफ्रीतची लेक असल्याचं कळतं. कासिम अली नावाचा माणूस तिच्या मागावर आहे, आणि जिच्यावर आपला जीव जडला तिला अर्णब त्याच्याच ताब्यात देतो. या सिनेमाशी माझं भांडण आहे आणि लोभही आहे. भांडण यासाठी की भीती निर्माण करायला त्याला बांगलादेश, मुसलमान नावं आणि एक सैतानी पंथ हेच लागलं. जिन्नांवर आपला ईमान आहे हे खरं, कुरआनात त्यांच्या नावाची सूरहच आहे. पण तिथले जिन्न म्हणजे भुतं नव्हेत. त्यांच्यात चांगलेही आहेत, वाईटही. ऐकून विश्वास ठेवणारेही आहेत. सिनेमावाल्यांना मात्र जिन्न म्हणजे अरबी अक्षरात लिहिलेलं भूत एवढंच ठाऊक असतं.

लोभ यासाठी की 'परी' शेवटी रुखसानाच्या बाजूने उभा राहतो. जिला सगळे राक्षसीण म्हणतात ती सिनेमातली सगळ्यात माणुसकी असलेली व्यक्ती ठरते, आणि तिला बांधणारे हात आपल्याला भिववतात. ती साखळी पाहताना मला सिनेमाबाहेरचं काही आठवलं.

तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांसाठी खाजगी 'घरं' चालायची. नातेवाईक दुआ लागेल या आशेने माणसं तिथे सोडून जात. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यातल्या एका झोपडीवजा घराला आग लागली. आतली माणसं साखळीने बांधलेली होती. पळता आलं नाही. 28 जण गेले. त्यांच्या अंगात ना जिन्न होता, ना भूत. आजार होता, आणि पायात साखळी होती. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला बंदी घातली.

आपल्या राज्यात त्याही आधी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद वाचा. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस उपटणं. एखाद्या भयपटाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांचं टिपणच वाटावं. पडद्यावर ज्याला आपण टाळ्या देतो तो माणूस महाराष्ट्रात गुन्हेगार आहे. मग तो गंडा बांधणारा असो की तावीज देणारा.

इथे दोन आक्षेप येतात, दोन्ही मला माहीत आहेत. पहिला: अहो, सिनेमा आहे, करमणूक आहे, कोण त्यावरून शिकतं? खरं आहे, कुणी सिनेमा पाहून मुद्दाम आमिलकडे जात नाही. पण लग्न होऊन सासरी आलेली पोर महिनाभरात गप्प होते, जेवत नाही, रात्री ओरडून उठते, तेव्हा घरातल्यांच्या डोक्यात पहिलं चित्र कुठलं उमटतं? मोकळे केस आणि बदललेला आवाज. 'सावली पडलीय', 'कुणीतरी केलंय', हे शब्द तयार असतात. 'हिला इथे त्रास होतोय का' हा प्रश्न तयार नसतो, कारण त्याचं उत्तर घरालाच द्यावं लागेल. भूत सगळ्यांच्या सोयीचं असतं. ते बाहेरून आलेलं असतं, त्यामुळे घरातलं कुणी दोषी ठरत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. जिन्न नाकारता का? दुआ नाकारता का? नाही नाकारत. पाण्यावर दम करून देणारी, आजारी माणसाच्या उशाशी बसून पढणारी थोरली माणसं आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांच्या आवाजाने जिवाला बरं वाटतं यात शंका नाही. पण आजारावर इलाज करा, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे, तीही आपलीच. दुआ करणाऱ्याला दोरी लागत नाही. जो दोरी मागतो, बंद खोली मागतो, एकट्या बाईला आत पाठवा म्हणतो, त्याच्या हातात तस्बीह असली तरी तो दुआ करत नाहीये.

दवा आणि दुआ एकत्र नांदू शकतात, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गुजरातमधल्या उनाव्याचा मीरा दातार दर्गा आपल्याकडच्या कितीतरी मुसलमान आणि हिंदू घरांना माहीत आहे. हाजरी येणाऱ्यांना तिथे नेतात. त्या दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम सुरू झाला. मानसोपचारतज्ज्ञ दर्ग्यापाशीच बसतात, आणि मुजावर आलेल्या माणसाला दुआ देऊन म्हणतात, आता त्या डॉक्टरांनाही भेटून घ्या. लोक मुजावराचं ऐकतात. जे डॉक्टरच्या शंभर भाषणांनी होत नाही, ते त्या एका वाक्याने होतं.

सिनेमाने ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवली होती. 1993 चा मल्याळम 'मणिचित्रताळ', दिग्दर्शक फाझिल. शोभनाची गंगा नागवल्ली होऊन नाचते, आणि तिच्यासाठी येतो मोहनलालचा डॉक्टर सनी. तो तिचं लहानपण शोधतो, तिचा एकटेपणा समजून घेतो. घरात मांत्रिकही आहे, पण तो डॉक्टरला आडवा जात नाही, साथ देतो. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीत 2007 मध्ये तो 'भूल भुलैया' झाला, विद्या बालनची अवनी, आणि डॉक्टरला साथ देणाऱ्या आचार्यांच्या कामात आपले विक्रम गोखले.

आणि मग काय झालं पाहा. 2022 च्या दुसऱ्या भागात भूत खरंच भूत निघालं. डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी आत्म्यांशी बोलण्याचं सोंग करणारा 'रूह बाबा' नायक झाला. सिनेमा तुफान चालला. मीही हसले, खोटं का बोलू. पण पंधरा वर्षांत आपण डॉक्टरकडून बाबाकडे आलो, याची साधी खंतसुद्धा भयपटांच्या शौकिनांत मला फारशी दिसली नाही.

म्हणून हे मागणं आपल्यासारख्या पाहणाऱ्यांकडेच आहे. भयपट पाहा, खूप पाहा, रात्री दिवे बंद करून पाहा. घाबरण्यात मजा आहे आणि ती कुणी काढून घेऊ नये. फक्त तारे देताना एक तारा त्या प्रश्नासाठी राखून ठेवा: तिचं कुणी ऐकलं का? आणि तीच नजर घेऊन जरा आपल्या नात्यागोत्यातही बघा. कुठल्याशा घरात एखादी पोर गप्प झाली असेल, आणि मोठी माणसं गुरुवारी कुणाकडे न्यायचं याची कुजबूज करत असतील. त्या आधीच्या बुधवारी तिच्यापाशी जाऊन बसा. दार लावून घ्या, सासू-नवऱ्याला बाहेर राहू द्या, आणि विचारा, 'बेटा, काय होतंय?' मग ती बोलेपर्यंत थांबा.