टाळ्या नकोत, कामगाराचा दर्जा हवा

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांवर आशा कर्मचाऱ्यांचा गौरव केला. सव्वा वर्षानंतर, ऑगस्ट २०२३ मध्ये, हरियाणातील आशांना संपावर जावे लागले. चंदीगडहून कारभार करणाऱ्या त्या सरकारने मासिक मानधन ४००० वरून ६१०० रुपये केले, तेही संप दोन महिन्यांहून अधिक चालल्यावर!

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा घरोघरी फिरल्या, ताप व ऑक्सिजन मोजत राहिल्या. १५ जून २०२१ रोजी सुमारे ७० हजार आशा व गटप्रवर्तक कृती समितीच्या हाकेवरून संपावर गेल्या. नऊ दिवसांत तडजोड झाली. १ जुलैपासून आशांना १००० व गटप्रवर्तकांना १२०० रुपये वाढ आणि दोघींनाही ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. ऐन साथीत कोणा एकटीला हे मिळाले नसते. संघटनेमुळेच ते मिळाले.

परंतु या तडजोडीतील भेद ओळखला पाहिजे. रोगाच्या नावाने दिलेला भत्ता रोगाबरोबर जातो, मानधनातील वाढ मात्र टिकते. मार्च २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलेला ५० लाखांचा विमाही मृत्यूसाठी होता. आजारी पडून बुडालेल्या दिवसांची भरपाई त्यात नव्हती. कारण सरकारी कागदावर आशा ही ‘स्वयंसेविका’ आहे. जी कामगारच नाही, तिला किमान वेतन, पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी कोठून मिळणार? २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता देण्याची शिफारस केली होती. तिची अंमलबजावणी झाली असती, तर साथीत भत्त्यासाठी झगडावे लागले नसते.

साथींनो, पुढील साथ सांगून येणार नाही. म्हणून तयारी आजच हवी. रुग्णालयातील कायम कर्मचाऱ्यांच्या युनियनांनी आपल्या मागणीपत्रात कंत्राटी सफाई कामगार, परिचर व आशा यांच्या मागण्या घातल्या पाहिजेत. संरक्षक साहित्य, पगारी विलगीकरण रजा आणि कामावर असल्याचा लेखी पुरावा यांचा आग्रह साथ नसतानाच धरला पाहिजे. चंदीगड असो वा चंद्रपूर, रुग्णाची सेवा करणाऱ्या हातांना दया नको, हक्क हवा. तो संघटित लढ्यानेच मिळेल.