शाळकरी मुलांचें श्रमदान आणि गांवकऱ्यांचें कर्तव्य

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला कीं आपल्या जिल्ह्यांतील बहुतेक हायस्कुलांतून वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. हरित सेनेचीं, स्काउट-गाइडचीं किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचीं मुलें खोरीं-टिकाव घेऊन गायरानांत उतरतात. सरपंच व मुख्याध्यापक यांच्या हस्तें रोपें लागतात, छायाचित्रें निघतात, मुलांच्या हातीं केळें-बिस्किट पडतें आणि दुपारीं शाळा सुटते. पुढल्या वर्षीं त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपें लागतात. हा प्रकार आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. पुष्कळांनीं त्याची थट्टाही केली असेल. आम्हींही केली आहे. परंतु या फजितींत आपला स्वतःचा वाटा किती, याचा विचार करण्याचा प्रसंग कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांवर आला, म्हणून हा लेख लिहीत आहों.

आमच्या गांवच्या गायरानांत त्या साली शाळेच्या मुलांनीं कडुनिंब, चिंच व शिसव यांचीं रोपें लाविलीं. एरवींप्रमाणें तीं तेथेंच सोडून मुलें निघून गेलीं नाहींत. नववीच्या मुलामुलींनीं पाळ्या ठरविल्या आणि शाळेंत येतांना बाटल्या भरून पाणी आणून आळ्यांत घातलें. दिवाळीपर्यंत रोपें गुडघ्याइतकीं झालीं. माघांत एका रविवारीं शेळ्यांनीं तीं साफ केलीं. सोमवारीं मुलें पाहावयास गेलीं तेव्हां काड्या तेवढ्या शिल्लक होत्या. शेळ्या कोणाच्या, हें सर्व गांवास ठाऊक होतें. परंतु कोणी बोललें नाहीं, कारण त्यांतील दोन आमच्याच दावणीच्या होत्या. गड्यानें सोडल्या, असें आम्हीं त्या वेळीं सांगितलें व तें खरेंही होतें. मात्र मुलांनीं लावलेला तुकडा चराईस बंद करावा, असें ग्रामसभेंत उभें राहून सांगण्याचें काम गड्याचें नव्हतें. एका मुलीनें आम्हांस वाटेंत विचारलें, “आबा, पुढल्या सालीं पुन्हा लावायचीं का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

विद्यार्थ्यांकडून देशसेवा घ्यावी कीं नाहीं, याची चर्चा आपल्या देशांत पुष्कळ झाली आहे. १९५९ सालीं डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली होती. हायस्कूल संपवून महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीनें करावी, असें तिचें मत पडलें. खर्चाच्या बोजामुळें तें मान्य झालें नाहीं. पुढें प्रोफेसर सैयदेन यांनीं परदेशांतील पद्धती पाहून, सेवा स्वेच्छेची असावी, असें सुचविलें. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ती पुढें अकरावी-बारावीपर्यंत आली. दोन वर्षांत २४० तास काम व दत्तक गांवांत सात दिवसांचें शिबिर, असा तिचा परिपाठ आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७३ सालीं, तिचीं शिबिरें दुष्काळनिवारणाच्याच कामीं लागलीं होतीं. शाळांतून हरित सेना आली ती २००१ च्या सुमारास.

सक्ती झाली नाहीं, हें आमच्या मतें बरेंच झालें. सक्तीचें खोरें जमिनींत किती खोल जातें, हें वेठीच्या आठवणी ऐकलेल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु या साऱ्या खलांत, मुलांनीं काय द्यावें व मुलांना काय मिळावें, एवढाच विचार झाला. ज्या गांवांत हीं मुलें उतरणार, त्या गांवानें काय करावें, हें कोणी विचारलें नाहीं. आणि आपणही तें विचारून घेतलें नाहीं. शिबिर येणार असें कळलें कीं जागा, जेवण व भाषण यांची व्यवस्था आपण करतों; काम कोणतें, हें शाळेनें ठरवावें असें समजतों. शाळेस बिचारीस गांवची उतरण कोठून ठाऊक असणार? मग मंदिराचें आवार झाडणें आणि प्रभातफेरी, एवढ्यावर सात दिवस निघून जातात.

आपल्याच जिल्ह्यांत याच्या उलट उदाहरणें आहेत. राळेगण सिद्धीस १९७५ नंतर अण्णा हजारे यांनीं श्रमदानास आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारापासून. तलावाचें व नाल्यांचें काम मागाहून. हिवरे बाजारास १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर श्रमदानाबरोबरच चराईबंदी व कुऱ्हाडबंदी ग्रामसभेनें स्वतःवर घालून घेतली. संगमनेर तालुक्यांत दरेवाडीच्या पाणलोटाचें कामही डोंगर चराईस बंद करूनच उभें राहिलें. या गांवांच्या डोंगरांवर जें हिरवें दिसतें, तें खोऱ्यानें आलें तितकेंच दावणीला बांधलेल्या शेळीनें आलें, असें म्हटलें तर चूक होणार नाहीं. बंदीचा पहिला मार मात्र भूमिहीनाच्या चार शेळ्यांवर पडतो, आमच्यासारख्याच्या गोठ्यावर नव्हे, हें विसरून चालत नाहीं. म्हणून सर्व गायरान एकदम बंद करूं नये. तुकड्यातुकड्यानें करावें, आणि बंद तुकड्यांतील गवत विळ्यानें कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांस द्यावा.

आतां हंगामाविषयीं. वनमहोत्सव १९५० सालीं कन्हैयालाल मुनशी यांनीं सुरू केला आणि जुलैचा पहिला आठवडा तेव्हांपासून ठरून गेला. पुढें २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यसरकारनें अनुक्रमें २, ४, १३ व ३३ कोटी रोपें लावण्याचा संकल्प सोडला. त्याचाही मुहूर्त १ जुलैचाच. अकोल्याच्या घाटमाथ्यास तो साजतो. परंतु कर्जत, जामखेड, पाथर्डी व नगर-पारनेरचा माळ येथें मृगाच्या दोन सरी पडून आभाळ महिना-महिना डोळे वटारून बसतें आणि खरा पाऊस भाद्रपदांत परततो, हें आपल्या बाजरीला व रब्बीच्या ज्वारीला ठाऊक आहे. तेथें खड्डे वैशाखांत खणून तापूं द्यावेत आणि वीतभर ओल उतरल्यावांचून रोप पिशवीबाहेर काढूं नये. मुख्याध्यापकांस हें सांगणें आपलें काम आहे. वरून आलेल्या पत्रकांतील तारीख त्यांस पाळावी लागते. समारंभाचीं पांच रोपें त्या दिवशीं लावून बाकीचीं महिन्यानें लाविलीं तर कोणी फांशीं देत नाहीं.

चर खणण्याचें कामही असेंच आहे. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल असा समतल चर एक मीटर लांब खणला कीं एका भरणीस त्यांत १८० लिटर पाणी थांबतें. शिबिरास पन्नास मुलें आलीं आणि प्रत्येकानें रोज दोनच मीटर चर खणला, तर सात दिवसांत ७०० मीटर चर होतो, म्हणजे एका भरणीस १,२६,००० लिटर पाणी. हिशेब मोठा गोड आहे. परंतु तोच चर समतल रेषा सोडून हातभर जरी उतरता गेला, तर पाणी त्यांत थांबत नाहीं. एका टोकास धांवतें, कांठ फोडतें आणि खालच्या शेतांत नवी घळ पाडतें. अशी एक घळ आम्हीं पाहिली आहे. ती पाडणारीं मुलें अत्यंत प्रामाणिकपणें राबलीं होतीं. म्हणून खणण्याआधीं आखणी हवी. तीन काठ्या, एक दोरी व एक दगड यांची ए-फ्रेम नववीचा मुलगा एका तासांत तयार करतो, आणि भूमितीच्या तासाला न उलगडलेला लंब त्यास डोंगरावर उलगडतो. सात दिवसांपैकीं पहिले दोन दिवस एकही खोरें न उचलतां आखणींत घालवावे, असें आम्ही सुचवितों. छायाचित्र काढणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल.

खणण्याहून मोलाचें, आणि मुलांच्या हाताजोगें, एक काम आहे; त्याकडे आमच्या बंधूंनीं विशेष लक्ष द्यावें. तें म्हणजे पाणी मोजणें. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षांतून चारदां मोजते. पण त्यांत आपल्या शिवारांतील विहीर असेलच असें नाहीं. शाळेच्या अंगणांत पर्जन्यमापक ठेवावा आणि गांवांतील दहा-बारा विहिरींच्या कठड्यांवर खूण करून, दोरीस दगड बांधून, दर पंधरवड्यास पाणी किती खालीं आहे तें मुलांनीं वहींत उतरावें. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी, हें गणित मुलें चटकन करतात. हिवरे बाजारांत पाऊस व विहिरी पाहून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि रब्बीस काय पेरावें, तें त्यावरून ठरवितात. आपल्या गांवीं तो ताळेबंद मांडावयाचा तर आकडे कोठून आणणार? खोटें लिहिण्यांत ज्याचा कांहीं फायदा नाहीं, असा नोंदणीदार गांवांत शाळकरी मुलावांचून दुसरा आम्हांस दिसत नाहीं. मात्र तो वहीसह आपल्या विहिरीवर आला तर त्यास हाकलूं नये. नवी मोटार खालीं सोडली कीं शेजाऱ्याच्या विहिरीची पातळी कशी उतरते, हें त्या वहींत दिसूं लागेल, ही भीति कित्येकांच्या मनांत आहे, हें आम्ही जाणून आहों.

दोन गोष्टी स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. पहिली अशी कीं, श्रमदान हें सार्वजनिक जागेवरच व्हावें. कोणाचा ताल दुरुस्त करणें, कोणाचें तण काढणें, हें सेवेच्या नांवाखालीं मुलांकडून करून घेणारे सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनीं मजूर लावावे व मजुरी द्यावी. १९७२ चा दुष्काळ सोसून महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला, तो मजुरास काम मागण्याचा हक्क देण्यासाठीं. ज्या नालाबांधावर गांवांतील चार कुटुंबांची चूल पेटूं शकते, तेथें फुकटचीं पोरें नेऊन उभीं करणें ही सेवा नव्हे.

दुसरी गोष्ट मुलामुलींतील भेदाची. पोराला शिकावयास पाठविलें, खोरें धरावयास नव्हे, असें म्हणणारे पालक आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, तिच्या वसतिगृहांतील मुलें हातानें राबून शिकलीं. त्याच संस्थेच्या शाळांतून आपल्या जिल्ह्यांतील कित्येक शेतकरी शहाणे झाले. तेव्हां या आक्षेपास फारसें उत्तर देत नाहीं. परंतु तेच पालक मुलीस मात्र शिबिरास पाठवीत नाहींत, आणि घरीं दोन हंडे पाणी, धुणें व धाकट्या भावंडाचा सांभाळ तिच्याकडून रोज करून घेतात. मुलींसाठीं मुक्कामाची वेगळी जागा, न्हाणीघर व संडास यांची सोय गांवानें आधीं केली, तर पालकांचा अर्धा विरोध मावळतो, हा आमचा अनुभव आहे.

शिबिराच्या पटावर आणखी एका वर्गाचीं मुलें नसतात, आणि त्यांची आठवणही कोणास होत नाहीं. पाथर्डी-जामखेडकडून दिवाळीच्या आगेंमागें ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलें जातात व चैत्राच्या सुमारास परततात. तोंवर वर्ग पुढें गेलेला असतो. अशा चौथी-पांचवीच्या मुलास जवळ बसवून, नववीच्या मुलानें रोज संध्याकाळीं तासभर वाचन व गणित घ्यावें. याला कुदळ लागत नाहीं, मंडप लागत नाहीं. तांबडी माती अंगाला लागली नाहीं म्हणून हें काम श्रमदानांत धरावयाचें नाहीं, असें कोणी म्हणूं नये.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत ज्यांना हा विषय काढावयाचा असेल, त्यांनीं शाळेस द्यावयाच्या पत्रांत तीन गोष्टी घालाव्या: कोणता तुकडा किती वर्षें बंद ठेवणार, आखणी शिकविण्यास गांवांतून कोण येणार, आणि पावसाळा सरल्यावर रोपांस टँकरनें कीं बैलगाडीनें पाणी कोण घालणार. नांवें लिहावींत, “ग्रामस्थ” असें मोघम लिहूं नये.

आमच्या गायरानाचा उत्तरेकडील तुकडा दोन वर्षांपासून बंद आहे. आम्हीं बांधावर शेवरी लावली आहे, तिचा पाला शेळ्यांस पुरतो. गडी म्हणतो, मोकळ्या असतांना त्या जास्त दूध देत. प्रश्न विचारणारी ती मुलगी दहावी होऊन नगरास शिकावयास गेली. विहिरींची वही सध्यां तिच्या धाकट्या भावाकडे आहे, आणि गेल्या पंधरवड्यांत आमच्या विहिरीचें पाणी चार हातांनीं उतरल्याचें त्यानें आम्हांसच येऊन सांगितलें.