सालगड्यालाही साल असतं

‘उमेदवारी केल्याशिवाय कुणी लेखक होत नाही.’ यवतमाळहून मालिकेच्या लेखनात सहायक म्हणून गेलेल्या पोराला मुंबईत हे पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. खोटं नाही, पण अर्धंच आहे. आमच्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. पैसे किती, ज्वारी-गहू किती, सगळं आधी बोललं जातं. पुढच्या पाडव्याला साल संपतं. सहायकाच्या उमेदवारीला पाडवाच नाही.

दुसरं म्हणणं जास्त फसवं: लायक असेल तो वर येतोच. येईल कसा? वनलाइनच्या, म्हणजे एपिसोडचा सीनवार आराखडा ठरवण्याच्या बैठकीत टिपणं तो घेतो. महिन्यामागे कोणतं पात्र कुणाला काय बोललं, हे त्याच्या ध्यानात. रात्री अकराला सेटवरून बदल आला की सीन पुन्हा तोच उतरवतो. मेल मात्र मुख्य लेखकाच्या नावाने जातो, त्यामुळे वाहिनीतल्या कुणी त्याचं एक पानही त्याचं म्हणून वाचलेलं नसतं. (मुख्य लेखकही राजा नव्हे, त्याचेही सीन रातोरात उडतात.) त्यातून पोरगा वऱ्हाडातला. मग खास फर्मान: ‘एवढं जरा वऱ्हाडी करून दे.’ जसं काही गिरणीत दळण टाकलंय! बोली म्हणजे वाक्यामागे ‘ना बाप्पा’ जोडणं नव्हे; पात्र कुठे गप्प बसेल हेही तीच ठरवते. 2016 मध्ये आलेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली नागपुरी बोलणारी राधिका घरोघरी पोचली. म्हणजे बोलीला भाव आहे. ती लिहिणाऱ्याला का नसावा?

नाव हा मानापानाचा प्रश्न नाही. 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा लेखकाला रॉयल्टीत वाटा देतो, आणि तो निर्मात्याला लिहून देता येत नाही. पण कागदावर ज्याचं नावच नाही, त्याने वाटा मागायचा कशाच्या जोरावर?

‘रोजची मालिका, शिकवायला वेळ कुठे?’ अहो, आठवड्याला सहा एपिसोड एकट्याने निघत नाहीत म्हणूनच तर सहायक ठेवला! ठरावीक एपिसोडांनंतर एक पूर्ण एपिसोड त्याच्याकडे द्या, संवादाचं श्रेय त्याच्या नावावर टाका. हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप करून लेखकांच्या खोलीत किमान किती लेखक हवेत, हेसुद्धा करारात घालून घेतलं. इथे मागणं त्याहून कितीतरी लहान आहे: पैसे, मुदत आणि नाव, पहिल्याच महिन्यात, कागदावर. ज्वारी नाही दिली तरी चालेल.