पानाची उलटी बाजूही पाहा

शेडनेट आणि पॉलिहाऊस हा केवळ शेतकऱ्याचा विषय आहे, असे आमच्या अनेक व्यापारी बांधवांना वाटते. आम्हाला हे मान्य नाही. मोहोळसारख्या गावी सांगाडा उभारणारा वेल्डर, फवारणी पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, ढोबळी मिरची व जरबेरा उचलणारा बागवान आणि औषधांचा दुकानदार या साऱ्यांची रोजी त्या जाळीखालच्या पिकाशी बांधलेली आहे.

या पिकाचा उन्हाळ्यातील मोठा शत्रू म्हणजे लाल कोळी. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला जीव आहे. तो पानाखाली राहून रस शोषतो. वर बारीक पांढरट ठिपके दिसतात, पुढे जाळी धरते आणि पान करपते. तीस अंशांच्या आसपास त्याची पिढी साधारण आठवड्यात तयार होते आणि एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. छताखाली पावसाचा मारा नाही, त्याला खाणारे मित्रकीटकही थोडे. मग तो माजणारच!

ठिपके दिसताच 'जहाल औषध द्या' म्हणत दुकान गाठणे ही नेहमीची चूक. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारल्याने मित्रकीटक मरतात व कोळी उलट वाढतो. एकच औषध वारंवार वापरले तर कोळी त्याला दाद देत नाही. पूर्वी सर्रास खपणारे डायकोफॉल २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि २०२३ मध्ये आपल्याकडेही त्यावर बंदी आली. जुना साठा स्वस्तात खपवणे हा व्यापार नव्हे.

उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे. आठवड्यातून दोनदा भिंगाने पानाची खालची बाजू तपासावी. लागण झालेली पाने पिशवीत भरून बाहेर न्यावीत व जाळावीत. आतले-बाहेरचे तण काढावे. पाण्याचा फवारा खालून मारावा. औषध लागलेच तर त्या पिकासाठी शिफारस असलेले कोळीनाशक घ्यावे, पुढच्या वेळी गट बदलावा आणि काढणीपूर्वीचे दिवस पाळावेत. कडक उन्हात गंधक मारू नये, पाने भाजतात. शंका असल्यास मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जावे.

आता आमच्या बांधवांचा वाटा. कोळी कपडे, क्रेट व अवजारांवरूनही पसरतो. एका शेडमधून निघून तसेच दुसऱ्यात शिरणारा व्यापारी नकळत तो पोहोचवतो. क्रेट धुऊन वापरावेत आणि लागण झालेल्या शेडमध्ये शेवटी जावे. वेल्डर बंधूंनी दुहेरी दाराचा आग्रह धरावा. मिस्त्रींनी पानाखाली फवारा जाईल असा वाकडा नोझल बसवून द्यावा.

हुजूर पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आतला माल ओला निघाला. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले व फसवणुकीचा धिक्कार केला. पानाची उलटी बाजूही अशीच आहे. फवारून दोन दिवसही न झालेली मिरची चकचकीत दिसते, पण गिऱ्हाइकाच्या ताटात ती काय नेते याचा जाब आम्हालाच द्यावा लागणार आहे.

पंधरा दिवस कमी माल उचलावा लागला तरी चालेल. शेतकरी टिकला तर आमची पेढी टिकेल, आणि बरकत त्याच कमाईत आहे.