बागाइतदाराच्या पोराला रसायनशास्त्र कशाला?

"पोरगा उद्या द्राक्ष लावणार, डाळिंब लावणार; त्याला ते रसायनशास्त्र कशाला?" हा प्रश्न आम्हांस आमच्याच माणसांनी विचारला आहे. उद्यानविद्येच्या पहिल्या वर्षातील मुलांनी तर तो रडकुंडीस येऊन विचारला आहे. बापाने कर्ज काढून धाडलेले पोर पहिल्याच परीक्षेत या विषयात आपटते आणि घरी येऊन सांगते की, हा विषय आपल्यासारख्यांचा नव्हे. या शेवटच्या वाक्याशी आमचे भांडण आहे.

आपल्यासारख्यांचा नव्हे, तर मग कोणाचा? चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना कोणी केला? नवसागर टाकून भांड्याला कल्हई कोणी लावली? तुरटीच्या पाण्यात कापड बुडवल्याशिवाय रंग पक्का बसत नाही, हे रंगाऱ्याने कोणत्या कॉलेजात शिकले? बाभळीच्या सालीत कातडे मुरवणारा, उकळत्या काहिलीत भेंडीचे पाणी घालून मळी वर काढणारा गुळव्या, हे सारे रसायनाचेच काम करीत आले. त्यांना पदवी कोणी दिली नाही, एवढेच. आणि आज त्यांच्याच नातवास सांगण्यात येते की, बाबा, हे तुझ्या डोक्यापलीकडचे आहे!

बोर्डो मिश्रणाचेच पाहा. फ्रान्सात बोर्डो भागातील द्राक्षवाले वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्या निळ्या वेलींवर केवडा पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिले, प्रयोग केले व 1885 साली ते जगापुढे मांडले. म्हणजे शेतकऱ्याची युक्ती व शास्त्रज्ञाचे डोळे एकत्र आले तेव्हा औषध झाले. आज आपला बागाइतदार 1 किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात, 1 किलो चुना दुसऱ्या 50 लिटरांत कालवतो, दोन्ही एकत्र करतो आणि त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतो. विळ्यावर तांबूस थर चढला की तो म्हणतो, चुना कमी पडला. शाळेच्या पुस्तकात मोरचुदाच्या द्रावणात खिळा बुडवण्याचा जो प्रयोग आहे, तो हाच! लोखंड विरघळते व तांबे बाहेर पडते. परंतु ज्या मुलाने तो प्रयोग पाच गुणांसाठी घोकला, त्याला हे कोणी सांगितलेच नाही की तुझा बाप दर पावसाळ्यात तो बांधावर करतो. आणि बापालाही हे कोणी सांगितले नाही की, उघड्यावर पडून राहिलेला चुना हवेतील वायू शोषून पुन्हा खडी होतो, म्हणून गेल्या वर्षीच्या गोणीने यंदाचे मिश्रण बिघडले.

दोष मुलाचा आहे काय? आम्ही म्हणतो, मुळीच नाही. शिकवणाऱ्याने फळ्यावर रेणुभार काढावयास सांगितले, मुलाने काढले, वहीत 60 लिहिले आणि विसरला. अहो, तो 60 युरियाचा आहे! त्यात नत्र 28. अठ्ठावीसास साठाने भागा, शेकडा 46 येतात. तोच आकडा गोणीवर छापलेला असतो. 45 किलोच्या गोणीत सुमारे 21 किलो नत्र, हा हिशेब ज्याला आला त्याला खताच्या दुकानात कोणी फसवील काय? डीएपीच्या गोणीवर 46 आकडा पाहून "स्फुरद शेकडा 46" असे समजणारे पदवीधर आम्ही पाहिले आहेत. तो आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा. निव्वळ स्फुरद त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट. पोर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. दोन विद्राव्य क्षारांनी आपसात भागीदार बदलले की अविद्राव्य साका तयार होतो, हे त्याने परीक्षेत बिनचूक लिहिले होते. सुट्टीत घरी आला आणि ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट व मॅग्नेशियम सल्फेट एकत्रच ओतले. दोन दिवसांत ड्रिपर बंद. टाकीच्या तळाशी पांढरा गाळ. तो जिप्सम होता. बाप म्हणाला, खत नकली निघाले. पोर गप्प राहिले. त्याला उत्तर येत होते, पण ते उत्तर वहीत होते, टाकीत नव्हते.

आता दुकानाकडे वळू. आपल्या कितीतरी काळ्या जमिनी चुन्याच्या. सामू आठाच्या वर. अशा जमिनीत लोह असते, पण मुळांस मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बागाइतदार हिराकस आणून बुडाशी टाकतो. तो जमिनीत गंजासारखा होऊन बसतो आणि झाडाच्या तोंडी काही लागत नाही. मग दुकानदार म्हणतो, "चिलेटेड घ्या." कोणते चिलेटेड? ईडीटीए चुन्याच्या जमिनीत लोहाला धरून ठेवीत नाही. तेथे जमिनीतून द्यावयाचे तर ईडीडीएचए लागते. पुड्यावर अक्षरे छापलेली असतात. वाचणारा घरात असूनही त्याला अर्थ लागत नाही, आणि पैसा मात्र उसाच्या बिलातून वळता होतो. कॅप्टानसारखे औषध अल्कली पाण्यात झपाट्याने विघटते, हेही तसेच. विहिरीच्या पाण्याचा सामू न पाहता फवारा मारला तर दोष कंपनीला द्यावा की आपल्या आळसाला?

दुसऱ्या बाजूने एक नवी हाकाटी उठली आहे: रसायन म्हणजे विष, रसायनाचे नावच नको. अति खत, अति औषध यांनी जमीन व माणूस दोन्ही नासतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गोमूत्रातील युरिया व गोणीतील युरिया हा एकच पदार्थ आहे, आणि असा युरिया प्राण्याच्या मदतीवाचून करता येतो हे वोलर याने 1828 सालीच दाखवले. किती, केव्हा, कशाबरोबर, हे ज्याला कळते तोच कमी वापरील. ज्याला कळत नाही तो शेजाऱ्याच्या डोळ्यांनी फवारतो आणि शेजाऱ्याच्या दुप्पट फवारतो.

सबब आमचे म्हणणे रोकठोक आहे. पूर्वी पोथी संस्कृतात होती म्हणून आम्हांस कळू नये अशी सोय झाली. आता ती इंग्रजीत आहे. उद्यानविद्येच्या मुलास पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र मराठीत समजावून सांगा. परीक्षा वाटल्यास इंग्रजीत घ्या. अणूच्या चित्रापासून आरंभ करू नका, चुन्याच्या भट्टीपासून करा, मातीच्या तपासणीच्या कागदापासून करा, मग अणू आपोआप येईल. असे शिकवणारे मास्तर आहेत, त्यांस आमचा नमस्कार. जे नुसत्या नोट्स लिहून घालतात त्यांस आम्ही विचारतो, तुमच्या हाताखालून गेलेल्या किती मुलांनी आपल्या विहिरीचे पाणी तपासले?

आणि आईबापांनो, तुम्हीही हात झटकून बसू नका. दिवाळीच्या सुट्टीत पोरगा किंवा पोरगी घरी आली की खताची पावती तिच्यापुढे ठेवा व विचारा, यातले कशाबरोबर काय मिसळू नये? उत्तर आले नाही तर कॉलेजच्या मास्तरांस जाऊन भेटा. आले, तर पुढच्या खेपेस दुकानात तिला बरोबर न्या, आणि पुड्यावरची अक्षरे तिला मोठ्याने वाचू द्या.