अर्ध्या टक्क्याचा हिशेब

सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा ठराविक वळणाने जाते. एका बाजूने तिजोरीवरील बोजा मोजला जातो, दुसऱ्या बाजूने महागाईचे दाखले दिले जातात आणि वेतन आयोगाचा निर्णय लागला की दोन्ही पक्ष काही वर्षे स्वस्थ बसतात. दर वर्षी ठरल्या तारखेला मूळ वेतनात पडणारी भर, म्हणजे वार्षिक वेतनवाढ, या गदारोळात कोणाच्या खिजगणतीतही नसते. वास्तविक कर्मचाऱ्याच्या सबंध नोकरीचे अर्थकारण तिच्यावर उभे असते. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची नियुक्ती २०२५ साली झाली आहे. अशा वेळी या वेतनवाढीची कुळकथा चळवळीतील कार्यकर्त्यांनी एकदा नजरेखालून घालणे अगत्याचे आहे.

तिसऱ्या वेतन आयोगानंतर, १९७३ पासून, केंद्र सरकारच्या शिपायाची वेतनश्रेणी १९६–३–२२०–द.रो.–३–२३२ अशी होती. या रूक्ष आकड्यांत एका माणसाचे आयुष्य कोंबलेले आहे. एकशे शहाण्णव रुपयांवर लागलेल्या शिपायाला वर्षाला तीन रुपये वाढ मिळे. आठ वर्षांनी दोनशे वीस रुपयांवर ‘दक्षतारोध’ आडवा येई. साहेबाने तो पार करू दिला तर आणखी चार वाढी, आणि बाराव्या वर्षी दोनशे बत्तीस रुपयांवर श्रेणी संपे. विशीत लागलेला माणूस ऐन बत्तिशीत, मुले शाळेत जाऊ लागण्याच्या वयात, बढती न मिळाल्यास तेथेच कुंठित होई. याच काळात वर्ग एकच्या अधिकाऱ्याची कनिष्ठ श्रेणी सातशे रुपयांपासून सुरू होई आणि त्याची वार्षिक वाढ चाळीस रुपयांची असे. टक्केवारी काढली तर शिपायाची वाढ दीड टक्का, अधिकाऱ्याची साडेपाच टक्क्यांहून अधिक. विषमता केवळ पगारात नव्हती. ती पगार वाढण्याच्या वेगातही होती, आणि हे दुसरे दुखणे अधिक खोल होते. चौथ्या आणि पाचव्या आयोगांनी आकडे मोठे केले, अंतरही काहीसे कमी केले, पण खालच्या श्रेणीतील वाढीचा दर वरच्यांपेक्षा कमीच राहिला.

हे चित्र पालटले ते सहाव्या आयोगाच्या वेळी. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या या आयोगाने मार्च २००८ मध्ये अहवाल दिला. शिपायापासून वरपर्यंत साऱ्यांना सरसकट अडीच टक्के वेतनवाढ मिळावी, अशी त्याची शिफारस होती. कर्मचारी संघटनांनी ती जशीच्या तशी पत्करली नाही. वाटाघाटी झाल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने अडीचऐवजी तीन टक्के मान्य केले. आयोगाने सुचविलेले ६,६६० रुपयांचे किमान वेतनही सात हजार झाले.

अर्धा टक्का म्हणजे काय मिळाले, असे वृत्तपत्रांतील विद्वानांना वाटणे शक्य आहे. सात हजारांवर अर्धा टक्का म्हणजे महिना पस्तीस रुपये! परंतु वेतनवाढ ही चक्रवाढीने चालते. तीस वर्षे अडीच टक्क्यांनी वाढत गेलेले सात हजार रुपये सुमारे १४,७०० होतात, तर तीन टक्क्यांनी तेच १७,०००च्या घरात जातात. महागाई भत्ता या मोठ्या रकमेवर मोजला जातो. जुन्या निवृत्तिवेतनाचा हक्क ज्यांच्याकडे आहे, त्यांचे निवृत्तिवेतनही तिच्यावरच ठरते. सभा गाजविणाऱ्या घोषणांपेक्षा असा अर्धा टक्का पुष्कळदा अधिक मोलाचा असतो.

तो कोणी दान म्हणून दिलेला नव्हता. १९५७ च्या त्रिपक्षीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे निकष ठरविले, आणि दोनच वर्षांत दुसऱ्या वेतन आयोगाने ते बाजूला सारून ऐंशी रुपये किमान वेतन सुचविले. त्यातून जुलै १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप उभा राहिला. एस. एम. जोशी, नाथ पै यांच्यासारखे समाजवादी नेते त्या लढ्यात होते. वटहुकूम निघाला, हजारो कर्मचारी तुरुंगात गेले आणि पाच दिवसांत संप मोडला. हरलेल्या त्या लढ्यानंतर सहा वर्षांनी, १९६६ मध्ये, संयुक्त सल्लागार यंत्रणा अस्तित्वात आली आणि वेतन, भत्ते, कामाचे तास व रजा या प्रश्नांवर लवादाची तरतूद झाली. महाराष्ट्रात १४ डिसेंबर १९७७ पासून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी चोपन्न दिवस संप केला, तो केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून. ज्या दिवशी संप मागे घेतला जातो, त्याच दिवशी त्याचा जमाखर्च मांडता येत नाही, हे दोन्ही प्रसंग सांगतात. उलट बाजूही नोंदली पाहिजे. सातव्या आयोगाने १८,००० रुपये किमान वेतन ठरविले तेव्हा संघटनांची मागणी २६,००० ची होती. ११ जुलै २०१६ पासूनच्या संपाची नोटीस दिली गेली, मंत्र्यांच्या आश्वासनावर संप पुढे ढकलला गेला, आणि अठरा हजार हे अठराच राहिले.

आता प्रश्न पुढचा. समान टक्केवारी हा खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्याचा त्या वेळचा विजय होता, हे मान्य केले तरी समान टक्का म्हणजे समता नव्हे. सातव्या आयोगाच्या तक्त्यात अठरा हजारांवरील कर्मचाऱ्याची पहिली वाढ पाचशे रुपयांची आहे. सहसचिवाच्या स्तरावर ती १,४४,२०० वरून १,४८,५००, म्हणजे ४,३०० रुपयांची. रेशनच्या दुकानात आणि मुलांच्या फीच्या खिडकीवर टक्के चालत नाहीत, रुपये चालतात.

यावर उपाय नाही असे नाही. जर्मनीत केंद्र सरकार व नगरपालिकांच्या पंचवीस लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांसाठी एप्रिल २०२५ मध्ये जो करार झाला, त्यात पहिल्या टप्प्यात तीन टक्के वाढ ठरली, पण ती दरमहा ११० युरोंपेक्षा कमी असणार नाही, अशी अट संघटनांनी घालून घेतली. परिणामी सुमारे ३,६६७ युरोंहून कमी वेतन असलेल्या प्रत्येकाच्या पदरात तीन टक्क्यांहून अधिक पडले. ‘तीन टक्के किंवा अमुक रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती’ असे एक वाक्य आपल्या संघटनांच्या निवेदनांत येण्यास अडचण कोणती? अडचण असलीच तर ती संघटनांच्या अंतर्गत आहे. निवेदने तयार करणारे बहुधा मधल्या व वरच्या श्रेणीतील असतात.

संघटित कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक मागणीवर ‘हे आधीच सुखवस्तू आहेत’ असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना असंघटितांचे सोयरसुतक नसते. शिपायाची वाढ रोखल्याने शेतमजुराची रोजी चार आण्यांनीही वाढत नाही. परंतु आक्षेपकर्त्याचा हेतू शुद्ध नाही एवढ्याने आक्षेप खोटा ठरत नाही, आणि त्याला उत्तर कृतीनेच द्यावे लागेल.

अंगणवाडी सेविकेचे उदाहरण घ्यावे. बालकांचे वजन, पोषण आहार, लसीकरणाला साहाय्य, सर्वेक्षणे हे सारे काम सरकारचे. मात्र ती ‘कर्मचारी’ नाही, ‘मानसेवी’ आहे, आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन! तिच्या मानधनातील केंद्राचा वाटा २०११ मध्ये तीन हजार रुपये झाला. पुढची वाढ, साडेचार हजारांची, ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. मधल्या सात वर्षांत त्याच गावातील टपाल खात्याच्या कायम शिपायाला सात वार्षिक वेतनवाढी मिळाल्या, दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता फेरमोजला गेला आणि एक वेतन आयोगही पदरात पडला. सेविकांना उपदानाचा हक्क आहे, हे २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. वार्षिक वाढीचा हक्क मिळविण्यासाठीही त्यांनी न्यायालयाचीच वाट पाहावी काय?

आठव्या आयोगापुढे जाताना किमान वेतनाचा आकडा किती, यावर संघटनांत पुष्कळ खल होईल, आणि तो व्हावा. त्या निवेदनात रुपयांतील किमान वाढीचे कलम आहे की नाही, हेही सभासदांनी शाखेच्या बैठकीत विचारावयास हवे. मानधनावरील सेविका आणि कंत्राटी सफाई कामगार आयोगाच्या कक्षेत नाहीत हे उघड आहे. पण संप पुकारण्याची वेळ आली, तर त्यांच्या वार्षिक वाढीची मागणी त्या नोटिशीत घालण्यापासून संघटनांना कोणी अडविलेले नाही.